ओल्ड फॅशन्ड दर वेळी पाणचट होतं? बर्फ कमी करू नका

पहिला घोट घशाला झोंबतो आणि चौथ्या घोटाला ग्लासात नुसतं गोडसर पाणी उरतं. घरी ओल्ड फॅशन्ड, म्हणजे व्हिस्कीचं हे जुनं कॉकटेल, करणाऱ्या ओळखीतल्या बहुतेकांची हीच तक्रार असते. मालवणपासून अलिबागपर्यंत कोणीही सांगो, पुढचा प्रश्नही ठरलेला: मग व्हिस्की कुठली घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. व्हिस्की तूर्त बाजूला ठेवा, आधी बर्फ दाखवा.

हे इतक्या खात्रीने सांगतो, कारण मी स्वतः यात अडकलो होतो. आठ वर्षं प्रवासी जहाजावर बारमध्ये काम केलं. तिथे हे कॉकटेल किती वेळा केलं असेल याची मोजदाद नाही. नोकरी सोडून वेंगुर्ल्याजवळ घरी आलो, पहिल्याच मे महिन्यात मुंबईची मंडळी गावाला आली आणि अंगणात बसून सगळ्यांसाठी ग्लास भरले. थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, दोन-तीन घोट घेतले, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "अरे, ह्यां पाणी आसा काय दारू?" मला फार लागलं ते. हात तोच, माप तेच, बाटलीवरचं नावही तेच. दुसऱ्या दिवशी साखर कमी केली, तिसऱ्या दिवशी महाग बाटली उघडली, चौथ्या दिवशी बर्फाचे खडे तीनावरून दोनावर आणले. दर वेळी आधीपेक्षा वाईट झालं. मग शांतपणे बसून विचार केला, की जहाजावरचं आणि इथलं नेमकं वेगळं काय आहे?

वेगळी होती ती उष्णता. जहाजावरचा बार एसीत, बाटल्या विशीतल्या तापमानाला, ग्लास गार कपाटातून निघणारे. इथे मे महिन्यात कपाटातली बाटली ३२ अंशांवर, फडताळातला ग्लासही तेवढाच, आणि फ्रीझर असा की दुपारी वीज जाऊन आली की संध्याकाळपर्यंत सावरत नाही.

पाणी शत्रू नाही, पण ते मोजून यायला हवं

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने 'कॉकटेल म्हणजे काय' या वाचकाच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं: कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (कडू मुळं-मसाल्यांचा थेंबाथेंबाने वापरायचा अर्क). ओल्ड फॅशन्ड म्हणजे जवळजवळ हेच. पुढे बारमध्ये नाना तऱ्हेची मिश्रणं आली तेव्हा लोक 'जुन्या पद्धतीचं द्या' म्हणू लागले आणि तेच नाव झालं. त्या चार गोष्टींत पाणी आहे हे लक्षात घ्या. पाण्याशिवाय हे पेय जिभेवर उघडत नाही, नुसतं जाळतं. पाणी आत येणं ही चूक नव्हेच. किती येतं आणि कधी येतं, तिथे सगळी गडबड होते.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत ४५ मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) किंवा राय धान्याची व्हिस्की, साखरेचा एक चौकोनी खडा, अँगोस्टुरा बिटर्सचे काही थेंब आणि साध्या पाण्याचे काही थेंब असतात. आपल्याकडे मोठा पेग ६० मिलीचा, म्हणून मी तोच धरून सांगतो. ६० मिली व्हिस्की, ५ मिली दाट साखरपाक आणि बिटर्स यांना बर्फातून साधारण १५ ते २० मिली पाणी मिळालं की चव जमते. ४० मिली पाणी गेलं की दादासारखा प्रश्न येतो.

आता हिशेब पाहा, सगळं त्यातच आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. ३२ अंशांवरचा ६० मिली पेग आणि पाक शून्याच्या आसपास आणायचा तर साधारण २३-२४ ग्रॅम बर्फ जातो. तेच एसीतल्या २१ अंशांच्या बाटलीतून ओतलं तर १५-१६ ग्रॅम. बाटली फ्रीजमध्ये ६ अंशांवर असेल तर जेमतेम ५. आणि ग्लास? जाड बुडाचा पाव किलोचा ग्लास ३२ अंशांवर असेल तर तो गार होण्यातच आणखी १५ ते २० ग्रॅम बर्फ खातो. हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. ग्लास जितका देखणा आणि जड, तितकं पाणी जास्त.

म्हणजे तापलेली बाटली आणि तापलेला ग्लास मिळून ४० ग्रॅम बर्फ सुरुवातीलाच संपवतात. साध्या ट्रेमधल्या तीन खड्यांचं वजन असतं ५० ग्रॅमच्या आसपास. उरलेले दहा ग्रॅम पुढचा अर्धा तास काय राखणार? पाणी होतं म्हणून तुम्ही खडे तीनावरून दोनावर आणता, तेव्हा तेही उरत नाहीत. पेय पुरतं गारही होत नाही आणि पाणी मात्र सगळं आत जातं. कोमट आणि पाणचट. मी चौथ्या दिवशी केलं ते हेच.

कोकणातली एक जास्तीची अडचण

पुण्याला माझ्या मेहुण्याकडे हाच ग्लास निवांत अर्धा तास टिकतो, आमच्या अंगणात पंधरा मिनिटं. तापमानात फार फरक नसतो, कधी कधी पुण्यालाच जास्त गरम असतं. फरक दमटपणाचा आहे. गार ग्लासावर बाहेरून दव जमतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता ग्लासाला देऊन जाते, आणि ती थोडीथोडकी नसते. ग्लासावर जमलेलं एक ग्रॅम दव आतला सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळेल इतकी उष्णता सोडतं. ग्लासाखाली पाण्याचं वर्तुळ दिसलं की समजा, त्याच्या कितीतरी पट पाणी आत गेलं आहे.

म्हणून आपल्याकडे ग्लासाला बाहेरून काहीतरी वेढायला हवं. कागदी रुमाल गुंडाळा, विणलेलं जाड कव्हर घाला, किंवा सरळ दुहेरी भिंतीचा स्टीलचा पेला घ्या. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही, हे मला मान्य आहे, आणि या पेयाचा तांबूस रंग पाहण्यासारखा असतो. पण मे महिन्यात उघड्यावर बसायचं असेल तर मी स्टील घेतो. पंख्याच्या थेट झोतातही ग्लास ठेवू नका. पंखा आपल्याला गार करतो तो घाम सुकवून. ग्लासावर मात्र तो नवी दमट हवा आणून आणून ओततो.

देशावरचे नातेवाईक एक युक्ती सांगतात, बाटलीला ओलं फडकं गुंडाळून खिडकीत ठेवायची. तिथे हवा कोरडी, पाणी भराभर सुकतं आणि बाटली गार होते. इथे मे ते सप्टेंबर हवाच ओली असते, फडकं सुकत नाही आणि बाटली जशीच्या तशी राहते. त्यात वेळ घालवू नका.

आधी मोजा, मग बदला

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरे. एका भांड्यात ६० मिली व्हिस्की आणि ५ मिली पाक घ्या, त्याचं वजन साधारण ६३ ग्रॅम भरेल. तुम्ही नेहमी घालता तेवढा बर्फ घाला, अर्धा मिनिट ढवळा आणि गाळणीतून दुसऱ्या, आधीच वजन करून ठेवलेल्या रिकाम्या ग्लासात ओता. ८० ते ८५ ग्रॅम आलं तर बर्फ ठीक आहे आणि तुमचा दोष दुसरीकडे आहे. शंभरावर गेलं तर पुढची व्हिस्की, साखर, बिटर्सची चर्चा आत्ता करायचीच नाही.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी फक्त ग्लास गार करून पाहा, मग फक्त बाटली, मग फक्त बर्फ. सगळं एकदम बदललं की जमलं तरी का जमलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच रामायण. काट्याची सोय नसेल तर लहान मुलांच्या औषधाबरोबर येणारं रेघा असलेलं झाकण किंवा ५ मिलीची सिरिंज तरी घ्या. चहाचा चमचा घरोघर वेगळा असतो आणि पाकात दोन-तीन मिलीचा फरक जिभेला लगेच कळतो.

फ्रीझर आणि बर्फ

बर्फ 'असणं' आणि बर्फ थंड असणं यात अंतर आहे. शून्य अंशावरचा बर्फही बर्फच दिसतो आणि उणे १५ वरचाही. ओळखायचं कसं? फ्रीझरमधून काढलेला खडा कोरड्या बोटाला किंचित चिकटला, वर पांढुरकी धुरकट झाक असली आणि व्हिस्की ओतताच तडतडला, तर तो खरा गार आहे. काढतानाच ओला, चकचकीत, निसटणारा असेल तर तो शून्यावर आहे, आणि त्याच्या अंगावरचं पाणी पहिल्याच क्षणी तुमच्या ग्लासात जाणार आहे.

दीडशे ग्रॅमचा बर्फ उणे १५ अंशांवर असेल तर शून्यापर्यंत येतानाच तो इतकी उष्णता पितो की जवळपास १४ ग्रॅम वितळणं वाचतं. फुकटचा फायदा आहे हा. त्यासाठी फ्रीझर नीट चालायला हवा. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावा, कपटा सहज ओढून निघाला तर तिथून हवा जाते. खाऱ्या वाऱ्याने आणि बुरशीने आपल्याकडे रबर लवकर कडक होतं. कोमट साबणाच्या पाण्याने ते पुसून घ्या, तरीही सैल राहिलं तर बदला. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर बोटभर झाला की तो काढा, थर जितका जाड तितकी थंडी ट्रेपर्यंत कमी पोचते. आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी फ्रीझरमध्ये दोन किलो ताजी मासळी कोंबली असेल तर संध्याकाळी चांगल्या बर्फाची आशा धरू नका. बर्फ आदल्या रात्रीच करून ठेवा.

खडे मोठे करा. आठ छोटे चौकोन आणि तेवढ्याच पाण्याचा एक मोठा चौकोन घेतला तर मोठ्याचा पृष्ठभाग निम्मा असतो, म्हणून तो सावकाश वितळतो. सिलिकॉनचे मोठे साचे मिळतात, पण मी आजही स्टीलच्या वाट्या वापरतो. दीडशे मिली पाणी मावेल अशी, तोंडाशी थोडी रुंद वाटी घ्यायची, काठोकाठ भरायची नाही, कारण गोठताना पाणी फुगतं. काढताना वाटी उपडी करून बुडावर नळाचं पाणी सोडलं की गोळा सुटतो. तो स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसून ग्लासात ठेवा. ही पुसण्याची पायरी गाळू नका. गोळा फारच थंड असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून मग ओता, नाहीतर तो दुभंगतो आणि मोठा घेतल्याचा उपयोग जातो.

काचेसारखा पारदर्शक बर्फ करण्याच्या युक्त्या आहेत. उघड्या तोंडाच्या थर्मोकोलच्या पेटीत पाणी ठेवलं की ते वरून खाली गोठत जातं आणि हवा व क्षार तळाशी ढकलले जातात. पण एवढी पेटी मावेल असा फ्रीझर आपल्यापैकी कितीजणांकडे आहे? चवीत आणि वितळण्यात त्याने फार मोठा फरक पडत नाही. मी तो खटाटोप सोडून दिला आहे.

बंदरावरून किंवा बर्फाच्या कारखान्यातून लादी आणू का, असंही विचारतात. नको. मासळीसाठीचा बर्फ पिण्यासाठी केलेला नसतो. ग्लासाबाहेरच्या बादलीत, बाटल्या गार करायला तो वापरा आणि बाटली पुसून मग ओता.

बर्फाला बांगड्याचा वास

हा दोष दुसऱ्या कुठल्या प्रांतात इतका भेटत नसेल. ओल्ड फॅशन्डमध्ये लपायला जागा नाही. सोडा नाही, फळांचा रस नाही. बर्फाला वास असेल तर तो शेवटच्या घोटाला समोर येऊन उभा राहतो. उघड्या ट्रेमधलं पाणी गोठताना आणि नंतरही फ्रीझरमधले वास धरून ठेवतं. मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात, बर्फ दुसऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि आठवड्याहून जुना बर्फ झाडांना. सुक्या मासळीचा डबा तर त्या कप्प्यात नकोच. ट्रे लिंबाच्या फोडीने घासून धुवा. मासळीच्या वासातलं मुख्य द्रव्य आम्लाला भेटलं की उडेनासं होतं, म्हणून तर आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो. तो वास घालवायला पेयातच लिंबू पिळण्याचा मोह मात्र आवरा. मग ते ओल्ड फॅशन्ड राहत नाही.

बर्फाला मासळीऐवजी दवाखान्यासारखा वास येत असेल तर तो विहिरीत टाकलेल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचा असतो. पाणी उघड्या भांड्यात दहा मिनिटं उकळा, निवू द्या, मग गोठवा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, त्यावर उकळण्याचा उपाय नाही. तेव्हा पिण्यासाठी आणलेलं गोडं पाणीच बर्फाला वापरा.

साखर तळाशी राहते

शेवटचा घोट पाणचट नसून गोडमिट्ट असेल, तर हे वाचा. साखर पाण्यात चटकन विरघळते, दारूत फार सावकाश. साखरेवर थेट पेग ओतला की ती बुडाशी जाऊन बसते आणि मग कितीही ढवळा. जुन्या पद्धतीत म्हणूनच आधी खड्यावर बिटर्स आणि थोडं पाणी टाकून तो पुरता कुस्करतात आणि व्हिस्की मागाहून येते. आपली दाणेदार साखर घ्यायची तर चमचाभर कोमट पाण्यात आधी विरघळवा आणि ते पाणी हिशेबात धरा.

पाक करून ठेवणं त्याहून सोपं. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत मंद आच. उकळी फुटली की बंद. इथे घरोघरी एक चूक होते. हात लाडवांच्या सवयीने एकतारीपर्यंत जातो. एकतारी पाक गार झाल्यावर बरणीत स्फटिक धरतो आणि थंड ग्लासात तर दोरीसारखा तळाशी पडतो. तार यायच्या खूप आधी उतरवा. हा दोनास-एक पाक फ्रीजमध्ये काही आठवडे राहतो. समान साखर-पाण्याचा पातळ पाक आपल्या हवेत फार लवकर बुरशी धरतो.

गूळ घालायला माझी हरकत नाही, उलट बर्बनबरोबर तो छान लागतो. पण गूळ चाखून घ्या, काही गुळाला खारट झाक असते. विरघळवून बारीक कपड्यातून गाळा.

मग व्हिस्की

एवढं सगळं दुरुस्त झाल्यावर बाटलीचा विचार करायला हरकत नाही. या पेयाची जडणघडण बर्बनभोवती झाली. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरते, म्हणून तिला व्हॅनिलाचा, जळक्या साखरेचा गंध येतो आणि साखर-बिटर्सशी तिचं जुळतं. आपल्या भारतीय बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, आणि हे या पेयाला पुरेसं आहे. स्वस्त मिश्र व्हिस्कीत बऱ्याचदा उसाच्या मळीपासूनचा अर्क मिसळलेला असतो. अशा व्हिस्कीला मुळात गोडसर वळण असतं, म्हणून पाक ५ ऐवजी ३ मिली घ्या आणि बिटर्स एक झटका (बाटली एकदा झटकल्यावर पडतात तेवढे थेंब) वाढवा. लगेच फरक जाणवेल. बार्लीची भारतीय सिंगल माल्ट घेणार असाल तर तीही उत्तम होते. आपल्या किनाऱ्यावरच, दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला, पॉल जॉनची माल्ट तयार होते. धुराच्या वासाची स्कॉच मात्र मी इथे घालत नाही. ती नुसती प्यावी.

गोव्याचं नाव निघालंच आहे तर: तिथे स्वस्त मिळते म्हणून परवान्याशिवाय बाटली सीमेपलीकडून महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही. परवाना काढून घ्या, अवघड नाही.

बिटर्स आणि काडेचिराईत

'बिटर्स महाग आहे, तर वगळलं' असं सांगणाऱ्यांचं पेय फिकं लागतं आणि ते त्याला पाणचट म्हणतात. तो दोष पाण्याचा नाही. बिटर्सविना हे नुसतं गोड पेग आहे. अँगोस्टुरा हे बिटर्स सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी पोटाचं औषध म्हणून केलं, आता ते त्रिनिदादमध्ये तयार होतं. एक छोटी बाटली घरात वर्षभर सहज पुरते. एका ग्लासाला दोन-तीन झटके, एवढाच तर खर्च आहे. पहिल्या वेळी महाग वाटते, पण कपाटात नुसत्या शोभेला ठेवलेल्या व्हिस्कीपेक्षा ती जास्त कामाची.

घरगुती पर्याय मी करून पाहिला आहे. अँगोस्टुरामध्ये जेन्शन हे कडू मूळ असतं, आणि आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. चिमूटभर काडेचिराईत, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, जायफळाची किंचित पूड आणि संत्र्याची वाळलेली साल असं कडक दारूत आठवडाभर ठेवून गाळलं की थेंबाथेंबाने वापरण्याजोगं काहीतरी होतं. अँगोस्टुराची सर येत नाही, पण वाईट नाही. फक्त एक घोटाळा टाळा. परसात उगवणारं, आजी तापाला द्यायची ते ओलं किराईत वेगळं. ते काळमेघ, अडुळशाच्या कुळातलं. नावं जवळची असल्याने लोक तेच घालतात आणि पूर्ण बाटली फेकावी लागते, इतकं ते कडू. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी दोन्हीच्या वाटेला जाऊ नये.

वीज जाणार असेल तर

हा उपाय मला सगळ्यात उशिरा सुचला आणि आता पाहुणे असले की मी हाच करतो. बर्फाने पाणी द्यायची वाट न बघता पाणी आपणच मोजून घालायचं. सहाजणांसाठी एका स्वच्छ बाटलीत ३६० मिली व्हिस्की, ३० मिली दाट पाक, बिटर्सचे १२ ते १५ झटके आणि ७५ मिली गोडं पाणी. बाटली हलवून दुपारीच फ्रीझरमध्ये आडवी ठेवा. नुसती व्हिस्की घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. हे मिश्रण पाण्यामुळे थोडं हलकं असतं, म्हणून अगदी थंड फ्रीझरमध्ये रात्रभर राहिलं तर लगदा धरू शकतं. तसं झालं तर पाच मिनिटं बाहेर ठेवा, पुन्हा पातळ होतं.

संध्याकाळी वीज गेली तरी बाटली बराच वेळ गार राहते, विशेषतः भोवती बर्फाच्या वाट्या असतील तर. पेय मुळातच थंड असल्यामुळे मोठा गोळा त्यात जवळजवळ वितळत नाही. पहिला आणि शेवटचा घोट सारखा लागतो. गेल्या मे महिन्यात ऐन जेवणाआधी दोन तास वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात याच बाटलीतून सगळ्यांचे ग्लास भरले. दादाने काही न बोलता दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला.

संत्र्याची साल मात्र बाटलीत घालू नका, आतली पांढरी पापुद्री कडवट उतरते. सालीची पट्टी आयत्या वेळी कापा, पांढरं सुरीने खरवडून काढा आणि रंगीत बाजू ग्लासाकडे करून पिळा. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते, ती मोडते. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच वाकवली की तेल उडतं. ग्लास उजेडाकडे तिरका धरला तर पृष्ठभागावर त्याची झळाळी दिसते. दिसली नाही तर साल सुकलेली आहे, दुसरी घ्या.